खिळ्यावरची म्होरकी

विनेमका,
६ एप्रिल २००२

मायालेन,

पोचलो, जिवंत आहे, आणि इथलं मटण खाऊन फार दिवस तसा राहीन असं वाटत नाही. मोडलेल्या खुब्यात लोखंड घातलंय. डॉक्टर म्हणतो, उन्हाळ्यात पुन्हा एकदा उघडून बघावं लागेल. मी म्हटलं, अरे बाबा, खुबा आहे तो, ट्रकचं बॉनेट नव्हे. त्यावर तो काहीतरी बोलून हसला. काय बोलला देव जाणे. फोन तर करूच नकोस. फोनवर तुझा आवाज मला बाटलीत अडकलेल्या माशीसारखा ऐकू येतो. जन्मभर माझ्यावर ओरडलीस, आता जरा लिही.

या म्हाताऱ्यांच्या घरात आपल्या बास्क लोकांची चार डोकी आहेत. दुपारी मूसचा डाव मांडतो. मी पत्त्यांत लबाडी करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कशी करतो ते कुणाला कळत नाही. तेवढीच करमणूक.

परवा इथल्या नर्सला आपल्या बाबांची रीत सांगत होतो. ज्या घोड्याने आपल्यासाठी वर्षानुवर्षं पाठ मोडली, त्याला खाटकाच्या ट्रकात चढवायचं नाही. खिंडीपाशी न्यायचं, म्होरकी उतरवायची आणि रानातल्या कळपात सोडायचं. म्होरकी तबेल्यातल्या खिळ्याला. ती लटकतेय तोवर घोडा कुठेतरी चरतोय. मेल्याचं कळलं, की म्होरकी काढून त्याच्यावर बसणाऱ्याच्या हातात द्यायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबांनी मला अशा तीन दिल्या, तिन्ही वेळा दुसरीकडे बघत. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मला आपल्या पांढऱ्या घोडीची, शुरीची आठवण आली आणि माझंही तेच झालं. चार वर्षं झाली तिला सोडून.

तर तबेल्यात जाऊन बघ आणि कळव. आणि ती कुठे दिसते का, तेही.

बेन्यात

इतुरी,
१९ एप्रिल

दादा,

म्होरकी आहे जागेवर. तिला कोण नेणार? इथे मी, कुत्रा आणि वारा. पाव भाजला की वर सुरीने क्रूस काढते, पहिला तुकडा कुत्र्याला देते, आणि तो मेला तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत खातो. चार गोष्टी सुनवाव्यात असं वाटतं, पण मीही तिकडेच बघत खाते.

तुझी लाडकी मजेत आहे. मजेत कसली, पुढारीण झालीय! कळपातली ती म्हातारी तपकिरी घोडी हिवाळ्यात गेली. आता शुरी पुढे आणि बाकीचे माना खाली घालून मागे, तो मिजासखोर नरसुद्धा. ती वळली की वळतात, थांबली की थांबतात. मी हाक मारली तर एक कान फिरवला, बस्स. पोर सासरी रमली म्हणायची. पाणी मात्र माहेरचंच. रोज सगळं बिऱ्हाड घेऊन आपल्याच झऱ्यावर येते.

आणि तिथेच घोडं अडलंय. यंदा बर्फ पडलंच नाही. झऱ्याची धार माझ्या करंगळीएवढी उरलीय आणि तळं म्हणजे आपल्या स्वयंपाकघराएवढा चिखल. घोडे सकाळी येतात ते हलतच नाहीत. पितात, तुडवतात, त्यातच उभे राहून डुलक्या काढतात. हरणं उतारावर ताटकळतात. दोन पावलं पुढे येतात, घोड्यांचा नर नुसते कान मागे टाकतो, की परत वर. काल एक पोटुशी मादी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तशीच उभी होती. मी भांडी घासताना बघत होते. शेवटी मलाच तहान लागली.

रानकोंबडे तर विचारूच नकोस. लहानपणी पहाटे माळावर छाती फुगवून नाचायचे, तू त्यांची नक्कल करायचास आणि आई हसून हसून खाली बसायची. यंदा माळ ओका पडलाय. तळ्याकाठचं गवत खुरांखाली गेलं, आता पिल्लांना किडे कुठून मिळणार?

मला घोड्यांचा राग करता येत नाही आणि हरणांकडे बघवत नाही. काय करू ते सांग. तू नेहमीच सांगतोस, मी न विचारताही.

मायालेन

विनेमका,
२ मे

म्हातारे,

शुरी पुढारीण! मी डाव थांबवून सगळ्यांना वाचून दाखवलं. एकजण म्हणाला, मालकासारखीच हेकट असणार. मी म्हटलं, हेकट नाही, ठाम. तिला मी पंधरा वर्षं शिकवलंय, एकदा जिथे थांब म्हटलं तिथे वीज पडली तरी हलायची नाही.

आता नीट वाच. झऱ्याला कुंपण घाल. झरा आपल्या मालकीच्या तुकड्यात आहे, कुणाच्या परवानगीची गरज नाही. सगळ्यांत खालची तार गुळगुळीत घे आणि गुडघ्याएवढी उंच बांध. आपली हरणं उडी मारत नाहीत, खालून सरपटतात. एवढी फट पुरते. वरच्या तारेला डब्यांच्या पत्र्याच्या चकत्या लटकव, नाहीतर कोंबडे झुंजूमुंजूला उडताना तारेवर आदळून मरतील. कामाला पेलोला बोलाव. वीस मैलांवरचा का होईना, शेजारीच आहे. जेवायला घातलंस की तो चंद्रालाही कुंपण घालेल.

घोडे काय करतील, हा तुझा पुढचा प्रश्न. खिंडीपलीकडे दरीत पाणी आहे, कधी आटत नाही. घोड्याला पाय कशाला दिलेत? दोन दिवस रुसतील आणि जातील. बाहेर त्यांच्यासाठी पाण्याची दोण ठेवावी असंही तुझ्या मनात येणार, मी तुला ओळखतो. ठेवू नकोस. करंगळीएवढी धार ते एका दमात संपवतील आणि तळं गेलंच म्हणून समज.

हे बघ, घोडे इथे माणसांनी आणले. आपल्यालाही दुष्काळानेच इथे आणून टाकलं. हरणं आणि कोंबडे आपल्या दोघांच्या आधीचे. पाहुण्याने घरच्यांच्या आधी ताटावर बसू नये, एवढं आईने आपल्याला शिकवलं होतं.

बेन्यात

इतुरी,
९ जून

दादा,

कुंपण उभं राहिलं. पेलोने एका आठवड्यात माझ्या अर्ध्या मेंढीचा रस्सा आणि सगळी घेवड्याची उसळ संपवली, पण खांब असे रोवलेत की तू उतरून बघितलंस तरी नाव ठेवणार नाहीस. ठेवशील म्हणा.

फाटक मी अजून उघडंच ठेवलंय. जनावरांना तारेची सवय होऊ दे, असं पेलोला सांगितलं. खरं सांगू? धीर होत नाही. शुरी फाटकातून आत येते, सगळ्यांना आणते आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघते. मला तरी तसं वाटतं.

पण काल काय झालं ते ऐक. घोडे आत होते. ती मादी, तीच, आता दोन पाडसं घेऊन आली. फाटकाकडे गेलीच नाही. पलीकडच्या बाजूने आली, तारेला नाक लावलं, गुडघे टेकले आणि सुळकन आत. पाडसं बाहेर बावचळली. मग एक आत, मग दुसरं. मी टाळीच वाजवणार होते. तेवढ्यात नर धावून आला आणि तिघंही आल्या वाटेने पसार झाली. पाडसांच्या तोंडाला पाणी लागलंच नाही.

तेव्हा फाटक लावायला हवं, हे मला दिसतं. पण दरीतल्या वाटेवर मी शुरीला कधी पाहिलं नाही, दादा. तू पाहिलंस का कधी?

मायालेन

विनेमका,
१७ जून

मायालेन,

फाटक लाव. उघडं ठेवशील तेवढी आशा लांबवशील, त्यांची आणि तुझीही. वासावर घोडा कुठेही पाणी शोधतो.

माझी शस्त्रक्रिया दोन जुलैला ठरलीय. तू ये. एरवी म्हटलं नसतं, पण आमच्या चौघांतला एकजण गेल्या आठवड्यात अशाच टेबलावर गेला आणि परत आला नाही. त्याची खुर्ची अजून कुणी उचललेली नाही. मी भ्यायलोय, हे पेलोला सांगू नकोस.

आणि असं कर, निघायच्या आदल्या दिवशी फाटक लाव आणि लगेच इकडे ये. म्हणजे त्यांची तोंडं बघून तुझं काळीज पाघळणार नाही. तू परत जाशील तोवर ते दरीत मजेत चरत असतील.

बेन्यात

इतुरी,
९ जुलै

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. लिहून चुलीत घालीन. पण लिहिल्याशिवाय आज हात कशालाच लागत नाही.

तू शुद्धीवर आलास आणि माझा हात धरलास. मग ताप चढला. आणखी दोन दिवस राहा म्हणालास, मग आणखी दोन. मी राहिले. तुझ्या कपाळावर ओला फडका ठेवताना मला एकदाच फाटक आठवलं, आणि मी स्वतःला म्हटलं, दादा म्हणाला ना, जातील.

ते गेले नाहीत.

खिंडीवरूनच गिधाडं दिसली. तरी मी स्वतःला सांगत होते, कुणाचं तरी वासरू असेल. नऊपैकी सहा पडले होते, सगळे कुंपणाला लागून, पाण्याकडे तोंड करून. माती इतकी खणलेली, जणू कुणी नांगर फिरवला. मी पावलं बघितली. नर दोनदा खिंडीकडे गेला होता, बराच दूर, आणि दोन्ही वेळा परत आला होता. कारण शुरी हलली नव्हती. म्हातारी तपकिरी असती तर तिने सगळ्यांना दरीत नेलं असतं, तिला ती वाट ठाऊक होती. शुरीला कशी ठाऊक असणार? तिने जन्मभर आपल्याच घरचं पाणी प्यायलंय. ती आपली वाट बघत उभी राहिली, दादा. फाटक लावणारं माणूस कधीतरी येऊन उघडतं, हे तिला आपणच शिकवलं होतं. रानातला घोडा एवढा भरवसा ठेवत नाही. आणि ती थांबली म्हणून सगळे थांबले.

हरणांसाठी सोडलेल्या फटीतून तिने मान आत घातली होती. तशीच होती. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना चिखलात पाडसांची ताजी पावलं होती.

मी फाटक उघडलं. ज्या तिघांत जीव होता ते उठले आणि तिच्या शेजारून आत गेले. त्यांतली ती छोटी लाल घोडी पाणी पिऊन परत तिच्यापाशी येऊन उभी राहिली. पेलोची काय चूक? त्याच्या कुरणाला वीज पडून आग लागली होती, तो तिकडे आठ दिवस धुरात होता. मी त्याला लक्ष ठेव म्हटलंच नव्हतं. उघडं ठेवू नको असं तू सांगितलं होतंस ना.

काल त्याने यंत्र आणून खड्डा खणला. शुरीला वेगळा. तो रडत होता आणि मला म्हणत होता, डोळ्यांत धूर गेलाय.

मी तबेल्यात गेले, म्होरकीला हात लावला आणि परत आले. ती काढली तर तुझ्या हातात द्यावी लागेल. तुझ्या अंगात आज धड कूस बदलायचं बळ नाही. ती तिथेच राहू दे.

इतुरी,
११ जुलै

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. ताप उतरला का? औषधं थुंकू नकोस, नर्सने मला सगळं सांगितलंय.

इथे सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. घोडे दरीकडे गेले. खिंडीवर मला लांबून एक पांढरा ठिपका दिसला, शुरीच असणार. हरणं आता दिवसाढवळ्या येतात. ती मादी दोन्ही पाडसांना घेऊन येते, पाडसं पाण्यात पाय बुडवून उड्या मारतात. काठाला हिरवळ धरायला लागलीय. काल झुडपांतून एक कोंबडी निघाली आणि मागे पिल्लांची रांग.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुझी
मायालेन

विनेमका,
४ ऑगस्ट

मायू,

तुझं पत्र उशाखाली ठेवलंय. बघ, म्हटलं होतं की नाही! पांढरा ठिपका म्हणे. पुढच्या वसंतात मला पेलोच्या ट्रकात घालून खिंडीपर्यंत ने. मी खाली उतरणार नाही, नुसती शीळ घालीन. ओळखते की नाही बघू.

काल काठीवर दारापर्यंत गेलो. नर्सने टाळ्या वाजवल्या. म्हातारपणी माणसाचं बारसं पुन्हा होतं ते असं.

तू पत्राला "प्रिय दादा" असं कधीपासून लिहायला लागलीस? मी मेलो की काय, म्हणून नाडी बघितली.

बेन्यात

विनेमका,
२० ऑक्टोबर

मायालेन,

पेलो येऊन गेला. द्राक्षं आणली होती. आम्ही मूस खेळलो आणि तो सलग तीन डाव हरला. तिसऱ्या डावात त्याच्या हातात राजे होते, मला त्याच्या चष्म्यात दिसत होते, आणि त्याने ते खाली ठेवून दिले. पेलो सख्ख्या भावाच्या लग्नातही नवऱ्यामुलाकडून हरला नव्हता. मी शुरीबद्दल विचारलं तर म्हणाला, कानात दडे बसलेत, ऐकू येत नाही. माझ्यासमोर म्हणाला.

मग मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. सप्टेंबरची दोन्ही पत्रं मोठी आहेत. हरणं आहेत, कोंबड्या आहेत, पेलोची दाढ आहे, कुत्र्याचा गोचीड आहे. घोडा कुठेच नाही.

मी काही विचारत नाही. तूही काही सांगू नकोस.

फक्त एक काम कर. मला उठताना धरायला पलंगाच्या दांडीला काहीतरी बांधायला हवंय. इथले पट्टे गुळगुळीत आहेत, हात घसरतो. तबेल्यात दारामागच्या खिळ्याला जी आहे ना, ती पाठव. जुनं कातडं आहे, पकड चांगली बसेल.

आणि रागाच्या भरात कुंपण उपटू नकोस. हरणांचा त्यात काय दोष? छपरामागे काळ्या पाइपचं भेंडोळं पडलंय. झऱ्यापासून कुंपणाबाहेर पाणी काढ आणि आपली जुनी दोण लाव. धार बारीक असली तरी रात्रभरात भरेल. तेव्हा तुझ्या मनात दोण होती आणि मी नको म्हणालो. दोण हवी होती, मायू. तू मला विचारलं होतंस, तिला दरीच्या वाटेवर पाहिलंस का म्हणून. मी उत्तरच दिलं नाही. पाहिलं नव्हतं.

ताप आला तेव्हा तुला थांबवायला नको होतं. पण तू होतीस म्हणून मी वाचलो, हेही खरं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच कागदावर कशी लिहायची ते मला कळत नाही, म्हणून लिहून टाकली.

बेन्यात

इतुरी,
२ नोव्हेंबर

दादा,

आज मेलेल्यांचा दिवस. आईबाबांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून आले. वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या.

पाइप सापडला. पेलोने आणि मी दोण लावली. रात्रभरात काठोकाठ भरते, तू म्हणालास तशी. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. परवा तिघं आले. लाल घोडी पुढे होती. दोणीपाशी बराच वेळ उभी राहिली, कुंपणाकडे बघत. मग प्यायली. आतल्या बाजूला हरणं पीत होती, बाहेर ती. मधे फक्त तार होती, कुणी कुणाला हाकललं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, यात कौतुक ते काय, आधीच करायला हवं होतं. मीही तेच म्हटलं. मग दाराच्या पायरीवर बसून पोटभर रडले.

तू सांगितलेली वस्तू पाठवते आहे. पलंगाच्या दांडीला दोन वेढे घालून बांध. कातडं तडकलं होतं, तेल लावून मऊ केलंय. गालाच्या पट्ट्यात तिचे थोडे पांढरे केस अडकले होते. ते मी काढले नाहीत.

मायालेन